टाचेचा पिनकोड

मागच्या अंकात याच पानावर मी माझ्या मोठ्या आत्याच्या टाचेबद्दल लिहिलं होतं. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : खेतवाडीत राहणाऱ्या आत्याच्या डाव्या टाचेवर काळा डाग उठला. कुरूप आहे, यावर घरात एकमत झालं. तिनं बिब्बा तापवून लावला. बिब्ब्यानं कातडी काळी पडतेच, त्यामुळे डाग वाढत गेला तरी बोल बिब्ब्याला लागला. मग एका डॉक्टरांनी कॉर्न कॅप दिली. दीड वर्षानं त्या जागेचा तुकडा तपासायला आला तो नेमका आमच्याच लॅबमध्ये, आणि निदान झालं मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. लिहिता लिहिता मी एक वाक्य टाकून गेले होते की हा कॅन्सर आपण गर्भात असताना वापरलेली जनुकं पुन्हा काढून वापरतो. या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की आज सगळं पान त्यालाच देते. मी परळला एकतीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली. माणसं कमी पाहिली, त्यांचे तुकडे जास्त. तेव्हा उत्तरंही त्याच खिडकीतून येणार.

प्रश्न : गर्भातली जनुकं बाळ जन्मल्यावर संपत नाहीत का? शिल्लक राहत असतील तर शरीर ती काढून का टाकत नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, चेंबूर

उत्तर : बाई, तुमच्या घरी माळा असेल तर उत्तर तिथंच आहे. लग्नकार्यातली मोठी पातेली आपण मोडीत काढत नाही, माळ्यावर टाकतो. जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. त्यातली थोडी ओट्यावर, रोजच्या वापरात. बाकीची बांधून वर ठेवलेली.

रंगपेशींच्या माळ्यावर काय आहे ते कळायला थोडं मागं जावं लागेल. आईच्या पोटात चौथ्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या पाठीकडची पेशींची पाती दोन्ही बाजूंनी उचलली जाऊन मध्ये मिटते. करंजी मिटताना पारीचे काठ जुळवतो ना, तसंच. आतल्या पोकळ नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. पण करंजीला मुरड घालतो त्या काठावरच्या पेशी वेगळ्याच. त्या जागेवर राहत नाहीत, सुटून चालायला लागतात. विल्हेल्म हिस या शास्त्रज्ञानं १८६८ साली कोंबडीच्या गर्भात त्या पहिल्यांदा वर्णिल्या. त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. आपण मुरडीच्या पेशी म्हणू. त्यांच्यापासून काय काय होतं पाहा : चेहऱ्याची आणि जबड्याची हाडं, मेंदूबाहेरच्या कितीतरी मज्जापेशी, मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीचा गाभा, आणि त्वचेतल्या रंगपेशी.

रंगपेशी होणाऱ्यांचा प्रवास पाठीकडून पोटाकडे, कातडीखालून. तुमच्या गल्लीतला एखादा काळा कुत्रा बघा. छाती पांढरी, पंजे पांढरे, शेपटीचं टोक पांढरं. ही सगळी पाठीच्या कण्यापासून लांबची ठिकाणं. तिथवर पोचेपर्यंत पेशी अपुऱ्या पडल्या. आमच्या सोसायटीतल्या काळूच्या फक्त तीन पायांत मोजे आहेत. चौथ्यात का नाहीत ते मला विचारू नका.

मुक्कामी पोचल्यावर मात्र या पेशी अगदी गरीब. एकेक रंगपेशी आपल्या फांद्या पसरून आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना रंगाच्या पुड्या वाटते आणि आयुष्यभर एवढंच करते. (गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पुड्यांचा. वधूवर मंडळांनी हे फलकावर लिहून लावावं.)

आता जनुकं. या प्रवासात हुकूम देणाऱ्यांमध्ये पॅक्स३, सॉक्स१० आणि एमआयटीएफ ही महत्त्वाची. शेवटचं म्हणजे गिरणीतला जॉबर. कोण कामावर, कोण किती पाळ्या करणार, सगळं त्याच्या हातात. त्याची कथा १९४२ सालची. जर्मनीत पॉला हर्टविग यांनी क्ष-किरण दिलेल्या उंदराच्या वंशात पांढऱ्या अंगाची, बारीक डोळ्यांची पिल्लं निघाली. त्यामागचं जनुक हाती लागायला १९९३ उजाडलं. पुढे २००५ मध्ये बॉस्टनच्या एका गटाला काही मेलॅनोमांत याच जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. म्हणजे गर्भात पेशीला जगवणारा जॉबर कॅन्सरलाही जगवत होता. त्यातली गोम अशी, की एमआयटीएफ भरपूर असलं की पेशी रंग बनवते, वाढते. फार उतरलं की ती वाढ सोडून सरकायला लागते, गर्भातल्यासारखी. एकाच गाठीत दोन्ही तऱ्हेच्या पेशी नांदतात.

यात मला स्वतःला खजील करणारी एक गोष्ट आहे. तुकडा फॉर्मॅलिनमधून काढून, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून, मायक्रोटोमवर त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, मग गुलाबी-जांभळा रंग द्यायचा, ही आमची रोजची पोळीभाजी. निदान अडलं की वेगळा स्टेन लावायचा. मेलॅनोमाची शंका असली की सॉक्स१० चा. जिथे त्या जनुकावरून बनणारं, त्याच नावाचं प्रथिन आहे त्या पेशीचं केंद्रक तपकिरी होतं. पण मेलॅनोमा मुळातच काळा-तपकिरी, तपकिरीवर तपकिरी दिसणार काय? म्हणून आम्ही तिथे तांबडा रंग वापरायचो. काळ्या राडीत कुंकवाच्या टिकल्या पेरल्यासारखी केंद्रकं उठून दिसायची. आत्याच्या स्लाइडवर मी त्या पाहिल्या. कितीतरी रिपोर्टांवर ‘सॉक्स१० पॉझिटिव्ह’ लिहून सही केली. आणि हे गर्भात मुरडीच्या पेशींना वाट दाखवणारं जनुक आहे, हे मला ठाऊक असूनही त्याचा अर्थ कधी मनात शिरला नाही. माझ्या लेखी ती फक्त एक बाटली होती, फ्रीजमधल्या दुसऱ्या कप्प्यातली.

प्रश्न : माझ्या नातीला जन्मतःच कपाळावर पांढरी बट आहे आणि एक डोळा निळसर. शेजारच्या म्हणतात कोड आहे. तुमचं वाचून भीती वाटली, रंगपेशी बिघडल्या असतील तर पुढे तो कॅन्सर होईल का?
— एक आजी, बदलापूर

उत्तर : आजी, पत्रावरून निदान करत नाहीत, आणि मी तर स्लाइडवाली डॉक्टर. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती आधी विचारते. नातीला ऐकू नीट येतं का? टाळी वाजवून बघू नका. कानाच्या डॉक्टरांकडे ‘बेरा’ तपासणी करून घ्या, याच महिन्यात.

कारण सांगते. पांढरी बट, वेगळ्या रंगाचे डोळे आणि बहिरेपण हे त्रिकूट वार्डेनबर्ग नावाच्या डच नेत्रतज्ज्ञानं १९५१ साली नोंदवलं. वर जी तीन जनुकं सांगितली, पॅक्स३, सॉक्स१० आणि एमआयटीएफ, त्यांच्यातल्या एखाद्यात जन्मतः दोष असला की हे होऊ शकतं. रंगपेशींचा कानाशी काय संबंध, असं वाटेल. आतल्या कानातल्या शंखातही थोड्या रंगपेशी मुक्कामाला असतात आणि ऐकण्यासाठी लागणारा विजेचा दाब त्या राखतात. त्या तिथे पोचल्याच नाहीत तर कान दिसायला धड आणि ऐकायला बंद. कधी नुसती बट आणि पोटावर पांढरा पट्टा असतो, कान उत्तम. तिथे बहुतेक वेळा किट नावाच्या जनुकात दोष असतो.

कोड हे नव्हे. कोडात पेशी येऊन वसलेल्या असतात आणि नंतर मारल्या जातात. इथे त्या जागेवर आल्याच नाहीत.

कॅन्सरचं म्हणाल तर वार्डेनबर्गमध्ये ही जनुकं कमी काम करतात. त्याच्या उलटा प्रकार २०११ मध्ये सापडला. एमआयटीएफमधला एक बारीक बदल, त्यानं जॉबरवरचा एक लगाम सुटतो आणि मेलॅनोमाचा धोका वाढतो. त्या माणसांना पांढरी बट नसते. तेव्हा शेजारणींना चहा पाजा आणि नातीला कानाच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : तिळात कॅन्सरचं जनुक असतं असं यूट्यूबवर ऐकलं. माझ्या पाठीवर निदान चाळीस तीळ आहेत. दुसरं, त्याच व्हिडिओत माशांवर मेलॅनोमाचं संशोधन करतात म्हणाले. माशाला कसली आली त्वचा?
— अकरावीतली विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : तुझे दोन प्रश्न म्हणजे खरं तर एकच प्रश्न आहे. तुला कळलं होतं की योगायोगानं लागला नेम?

२००२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की मेलॅनोमाच्या बऱ्याच गाठींत ब्राफ नावाच्या जनुकात एकच ठरावीक चूक असते. आज आपण धरतो की त्वचेच्या मेलॅनोमांपैकी सुमारे निम्म्यांत ती सापडते. सगळे हरखले, गुन्हेगार मिळाला म्हणून. पुढच्याच वर्षी कळलं की साध्या, निरुपद्रवी तिळांतही बहुसंख्य वेळा तीच चूक असते. म्हणजे तुझ्या पाठीवर ती असणार, माझ्याही आहे. आणि ते तीळ आयुष्यभर गप बसतात. मग एखाद्याच पेशीला काय होतं?

याचं उत्तर माशानं दिलं. क्रॉफर्ड मार्केटला पाळीव प्राण्यांच्या गल्लीत जा. प्लास्टिकच्या पिशव्यांत काळसर निळे-पांढरे पट्टे असलेले बोटभर मासे लटकत असतात, तो झेब्राफिश. बॉस्टनच्या प्रयोगशाळांत त्याचं प्रस्थ असलं तरी मासा आपला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं गंगेतल्या माशांवर १८२२ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात त्याची पहिली शास्त्रीय नोंद आहे. त्याच गल्लीत प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे लालभडक मासेही मिळतात. त्यांचा संकर केला की काही पिल्लांना मेलॅनोमा होतो, हे १९२० च्या दशकातच लक्षात आलं होतं. माशाचे काळे पट्टे म्हणजे रंगपेशीच, मुरडीतून आलेल्या, तुझ्यामाझ्यासारख्याच.

झेब्राफिशचं अंडं काचेसारखं पारदर्शक. एका दिवसात आत हृदय धडधडताना दिसतं. २००५ मध्ये बॉस्टनला लिओनार्ड झॉन यांच्या गटानं माणसातलं बिघडलेलं ब्राफ माशाच्या रंगपेशींत घातलं. माशांना तीळ आले. पेशीचा पहारेकरी पी५३ पण काढून घेतला तेव्हा काही माशांत मेलॅनोमा झाले. आता कोडं बघ : दोन्ही बिघाड माशाच्या सगळ्या रंगपेशींत आहेत, हजारोंत. गाठी मात्र एक, दोन, फार तर तीन.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली. क्रेस्टिन नावाचं जनुक माशात फक्त मुरडीच्या पेशींत, गर्भ कोवळा असताना चालू असतं. थोड्या दिवसांत बंद होतं ते कायमचं. त्याला त्यांनी हिरवा दिवा जोडला. जनुक चालू झालं की पेशी हिरवी चमकणार. मग मोठ्या माशांकडे आठवडेच्या आठवडे बघत बसले. (हे ‘बघत बसणं’ फार कष्टाचं काम आहे. आमच्या धंद्यात यालाच पगार मिळतो.) एके दिवशी काळ्या पट्ट्यात एकच पेशी हिरवी झाली. मग दोन, चार, चिमूटभर. आणि गाठ पुढे तिथेच उगवली. तो निबंध २०१६ च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये आला. चूक सगळ्यांत होती. ज्या पेशीनं माळ्यावरची पातेली खाली काढली, तिचाच कॅन्सर झाला.

तर तुझे चाळीस तीळ असू देत. त्यांच्यातला एखादा बाकीच्यांहून वेगळा वागायला लागला, कडा वेड्यावाकड्या, रंग दोन-तीन, महिन्यागणिक मोठा, तर दाखव. आणि मे महिन्यात ट्रेकला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट.

प्रश्न : अशा डागाला सुरी लावली की तो अंगभर पसरतो, हे खरं का?
— नाव नको, ठाणे

उत्तर : नाही. एकतीस वर्षं हा प्रश्न ऐकतेय. तुकडा काढल्यानं मेलॅनोमा पसरत नाही. तुकडा न काढता घालवलेल्या दीड वर्षात पसरतो.

प्रश्न : मी पोस्टात छत्तीस वर्षं होतो, त्यातली अर्धी बीटवर पायी. मेलॅनोमा उन्हानं होतो असं सगळीकडे छापतात. तळपायाला ऊन लागत नाही. मग तुमच्या आत्याबाईंना तिथेच का? आणि काळजी आम्ही चालणाऱ्यांनी करायची की नाही?
— निवृत्त पोस्टमन, डोंबिवली

उत्तर : पोस्टमनकाका, सगळ्या पत्रांत हे मला सर्वांत आवडलं. याचं उत्तर तुमच्याच भाषेत देता येतं.

उन्हाचं खरं आहे, पण ते मुख्यतः गोऱ्या कातडीच्या देशांचं. ऑस्ट्रेलियात हा रोग घरोघरी माहीत. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात दुर्मीळ, वर्षाला लाखात एकाहूनही कमी. पण जो होतो त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखाखालचा. याला ॲक्रल मेलॅनोमा म्हणतात. बॉब मार्लीला झाला तो हाच. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यात निघाला, फुटबॉलची इजा समजली गेली, १९८१ मध्ये तो छत्तिसाव्या वर्षी गेला. या प्रकारात ब्राफची चूक कमी वेळा सापडते. २००६ मध्ये इथे किट बिघडलेलं सापडलं, तेच आजींच्या उत्तरातलं, पण तेही सगळ्यांत नाही. मग तळव्याचंच काय एवढं?

तर पिनकोड. गर्भ वाढताना प्रत्येक पेशीला आपण कुठे आहोत ते कळावं लागतं, नाहीतर खांद्यावर बोटं फुटतील. हे काम हॉक्स जनुकं करतात. ती पहिल्यांदा फळमाशीत समजली. तिथे त्यांच्यात गडबड झाली की माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवतात. त्या कामासाठी एडवर्ड लुईस यांना १९९५ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. माणसात यांची रांगच आहे आणि शेवटचा आकडा तेरा. हॉक्स१३ गटाची जनुकं हातापायांच्या टोकाला चालू असतात. त्यांच्यातल्या काही दोषांनी बोटं जुळलेली किंवा जादा येतात. आता गंमत ऐका : बाळ जन्मलं, माणूस साठीला आला, तरी तळव्याच्या कातडीतल्या पेशींत हा पिनकोड शाबूत असतो. मुंबई ४ चं पत्र मुंबई ४ लाच, टपाल खात्याची इमारत बदलली तरी.

२०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड व्हाइट यांच्या गटाचं काम आलं. पुन्हा तोच मासा. माशाचे पर म्हणजे नात्यानं आपले हातपाय, तिथेही हॉक्स१३ चालू. त्यांनी ॲक्रल मेलॅनोमात सापडणारे बिघाड माशांच्या रंगपेशींत घातले. क्रेकेएल नावाचं एक जनुक जादा झालं तेव्हा गाठींचा कल धडावरून परांकडे वळला. ब्राफचा बिघाड घातला तर धडावर. बिघाड अंगभर सारखाच, पण पत्ता जुळला तिथेच त्याला दार उघडलं. परांतल्या पेशींचा हॉक्स१३ चा कारभार आणि क्रेकेएल यांची हातमिळवणी होत होती. माणसांच्या ॲक्रल गाठींतही हॉक्स१३ चं तेच चित्र दिसलं. हा निबंध वाचताना मला आत्याची टाच आठवली. ती जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

चालण्याचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. तळव्यावर सतत भार पडतो त्या भागांत हा रोग जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय. पण त्यावरून पोस्टमननी घाबरावं इतकं ते काही नाही. बघणं मात्र सोपं आहे आणि ते शिकवून ठेवते. तळव्यावर बारीक रेषा असतात, बोटाच्या ठशासारख्या. शेतात सरी-वरंबा पाहिलाय ना? साध्या तिळाचा रंग सहसा सरीत, म्हणजे खाचेत साचतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर चढतो. जपानी त्वचातज्ज्ञांनी हे बारकाईनं मांडलं. नुसत्या डोळ्यांना ते दिसेलच असं नाही. त्वचेचे डॉक्टर डर्मोस्कोप नावाचं दिवा लावलेलं भिंग टेकवतात आणि मिनिटाभरात सांगतात. नखात काळी उभी रेघ आली आणि तो रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला तर थांबू नका. आणि ज्याला तुम्ही कुरूप म्हणताय ते काळं असेल, तर त्यावर काहीही लावण्याआधी दाखवा. बिब्बा तर नकोच. त्याच्या काळ्यात खरा काळा लपतो.

प्रश्न : गर्भातली जनुकं हेच मूळ असेल तर ती बंद करणारं औषध का काढत नाहीत?
— बँक कर्मचारी, मुलुंड

उत्तर : हात घालायला जागा सापडत नाही म्हणून. सॉक्स१० काय किंवा एमआयटीएफ काय, ही प्रथिनं डीएनएला चिकटून काम करतात. औषधाचा रेणू अडकावा असा खोलगट खिसा त्यांच्या अंगावर सहज मिळत नाही. ब्राफला तो आहे. म्हणून २०११ मध्ये ब्राफ अडवणारी गोळी अमेरिकेत मंजूर झाली. काही पेशंटांच्या गाठी आठवड्यांत विरघळल्या आणि बहुतेकांच्या काही महिन्यांनी परत आल्या.

त्या परत कशा येतात, यात पुन्हा आपली मुरड आहे. बेल्जियममधल्या ल्युवेनच्या गटानं २०१८ मध्ये, पेशंटांच्या गाठी उंदरात वाढवून, औषधानंतर मागे उरलेल्या मूठभर पेशी एकेक करून तपासल्या. त्यात एक टोळी अशी निघाली की जिनं रंगपेशीची ओळखच टाकून दिली होती आणि ती मुरडीच्या मूळ पेशीसारखी झाली होती. औषध रंगपेशीला शोधत होतं. ही आता रंगपेशी नव्हतीच.

एक औषध मात्र थेट माशाच्या गर्भातून पुढे आलं. बॉस्टनच्याच गटानं सुमारे दोन हजार रसायनं झेब्राफिशच्या अंड्यांवर टाकून पाहिली, मुरडीच्या पेशी कशानं नाहीशा होतात ते बघायला. त्यातून धागा निघाला तो लेफ्लुनोमाइडपर्यंत. तुमच्या नाक्यावरचा केमिस्ट ते आमवातासाठी देतो. २०११ चं काम. उंदरांत त्यानं मेलॅनोमाची वाढ मंदावली. पण माणसात मेलॅनोमासाठी ते रुळलेलं औषध नाही आणि यकृताला त्रास देतं. घरात आजीचा डबा असेल तर हात लावू नका. आज पसरलेल्या मेलॅनोमात खरा भरवसा प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणाऱ्या इंजेक्शनांचा. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल त्यांच्यामागच्या शोधालाच होतं. दुर्दैवानं तळपायाच्या प्रकारात त्यांचा गुण उन्हातल्या प्रकाराइतका येत नाही.

एक जुना प्रयोग मला फार आवडतो, तो सांगून हा प्रश्न सोडते. २००६ साली काही संशोधकांनी माणसाच्या आक्रमक मेलॅनोमाच्या पेशी कोंबडीच्या गर्भात, नेमक्या मुरडीच्या जागी सोडल्या. त्यांनी तिथे गाठी केल्या नाहीत. कोंबडीच्या मुरडीच्या पेशींनी आखलेल्या वाटेनं त्या गुमान चालत गेल्या, शेजारणी थांबल्या तिथे थांबल्या. काहींनी तर पुन्हा रंगपेशीचं एक चिन्हही धारण केलं. ज्या वळणानं बिघडल्या, त्याच वळणाच्या घरात गेल्यावर शिस्तीत आल्या. यातून औषध कसं काढायचं, हे कोणी सांगितलं तर मी पुन्हा नोकरी धरीन.

प्रश्न : आत्यांच्या टाचेचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही.
— तीन वाचक, वेगवेगळ्या गावांतून

उत्तर : जागा संपली होती. डागाची खोली आम्ही भिंगाखाली मिलिमीटरमध्ये मोजतो. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये घालून दिलेली ही पद्धत, आणि आजही निदानानंतर पहिला आकडा तोच विचारतात. आत्याचा निघाला ३.२. चांगला नव्हे. २०११ च्या पावसाळ्यात टाचेचा तो भाग चांगला रुंद काढला, रोग पसरला तर आधी जिथे पोचतो ती जांघेतली पहिली लसीकाग्रंथी तपासली, ती स्वच्छ निघाली. टाचेवर मांडीची कातडी बसवली. आत्या तीन महिने कुबडीवर होती आणि सगळ्या खेतवाडीनं तिला डबे पोचवले. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, गेली ती हृदयविकारानं, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. मेलॅनोमा परत आला नाही.

बसवलेली कातडी मात्र टाचेची झाली नाही. आजूबाजूचा तळवा फिका, जाड, रेषारेषांचा. मधलं ठिगळ गडद तपकिरी, गुळगुळीत, आणि त्याला दोन-चार लव. दर दोन महिन्यांनी मी तिचा पाय मांडीवर घेऊन कडा तपासायची. पहिल्या वेळी त्या गडद रंगानं माझ्या पोटात गोळा आला होता, मग लक्षात आलं की हा मांडीचाच रंग आहे. आत्याला ते कधीच पटलं नाही. ‘सहा वर्षं टाचेवर राहतेय, भाडं भरत नाही ते नाही, वर मांडीचाच तोरा,’ म्हणायची आणि पाय ओढून घ्यायची.